नवव्या महिन्याची लस

चौतीस वर्षांच्या रेवतीच्या लसीकरणपत्रावर तान्ह्या बाळाचे वेळापत्रक होते. प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या आपल्या मुलीला, नीरजाला, तिने नऊ महिन्यांपूर्वी स्वतःच्या रक्तातली सारी प्रतिकारस्मृती देऊन टाकली होती. त्या दिवसापासून तिचे शरीर नवजात ठरले आणि काचेची निर्जंतुक खोली तिचे घर झाली. कोरे शरीर लसींनी पुन्हा शिकेल, असे डॉ. पेठे यांनी तिला छातीठोकपणे सांगितले होते. आधीच्या लसी वाया गेल्या. आशा उरली ती नवव्या महिन्याच्या, गोवराच्या लसीवर. तिचा निकाल आज हाती आला होता.

"डॉक्टरकाका, आई आज घरी येणार ना?" सहा वर्षांच्या नीरजाने काचेला नाक लावून विचारले. "मी तिची उशी माझ्याजवळ ठेवलीय."

"नाक पूस आधी, शेंबडे!" आतून रेवती हसली. मग तिने पेठ्यांचा चेहरा पाहिला. "काहीच नाही?"

"नाही. शरीराने याही लसीला ओळख दिली नाही. आता टोचण्यात अर्थ नाही."

रेवतीने बाही दंडापर्यंत वर सारली. "तरीही दर महिन्याला टोचा, डॉक्टर. नुसतं पाणी भरून टोचलंत तरी चालेल."

"ते कशासाठी?"

"टोचताना तुम्ही माझा दंड धरता. एरवी मला कुणाचाच हात लागत नाही."

पेठ्यांना मान वर करवेना.

"काका," काचेपाशी उभी नीरजा म्हणाली, "मला शिकवा ना टोचायला."