वाफसा

वरसे गावचं खाचर विकून त्याच्याच जागी झालेल्या इमारतीत फ्लॅट घेतला, तेव्हा दिनानाथांनी शेताची माती रंगाच्या डब्यात भरून गॅलरीत ठेवली. त्यातली चिमूटभर त्यांच्या लेकीने, रोहिणीने, कंपनीच्या प्रयोगशाळेत नेली. त्या मातीतले जिवाणू काही एन्झाइमांनी नवं औषध घडवत होते, आणि एका एन्झाइमाने ओल्या मातीचा वास. प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, “औषधाला वास नको. वासाचं तेवढं एन्झाइम उद्या काढून टाका.” संध्याकाळी जिवाणू वाढवलेली काचेची बशी तिने घरी आणली, झाकण उघडून बाबांच्या नाकाशी धरली. भातकापणीनंतर ढेकूळ असंच हुंगून, पेरणीजोगी ओल ओळखून ते वाल पेरायचा दिवस ठरवायचे. बाबांचे डोळे मिटले. “वाफसा आलाय गो, आता थांबायचं नाय. सकाळीच वाल पेरून घेऊ,” म्हणाले, आणि चौथ्या मजल्यावर बसल्याबसल्या पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडू लागले. रोहिणीला पुन्हा झाकण लाववेना.