हेडफोनमधली हळद

रेकॉर्डिंगमध्ये कावळा आला होता. गाणारी बाई ऐन रंगात आली की मध्येच काव काव. पाठोपाठ भंगारवाल्याची हाळी.

"वहिनी, तुम्ही माइक निवडलात," अनुज हसत म्हणाला. "तो घरातलं सगळं पकडतो. इथे स्टिरिओ मिक्स करा, मग फक्त कॉम्प्युटरच्या आतला आवाज येईल."

विनिताचा हा धाकटा दीर सातिवलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. व्हिडिओही त्यानेच शोधून दिला होता. चित्र म्हणाल तर हळदीच्या वाटीचा एक फोटो, तो शेवटपर्यंत हलायचा नाही. मागे एका बाईचा खडा आवाज, वसईच्या वाड्यांमधल्या जुन्या बोलीत. व्हिडिओ आतापर्यंत अकरा वेळा पाहिला गेला होता, आणि त्यातल्या दहा वेळा पाहणारी विनिताच होती.

नणंदेची, क्षितिजाची हळद तीन आठवड्यांवर आली होती. विनिता माहेरची कऱ्हाडची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आली, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात तिच्या वाट्याला एकच काम यायचं, चहाचं. बायका गोल करून बसायच्या, जुन्या गाण्यांच्या आठवणी काढायच्या आणि ती ट्रे घेऊन आली की कुणीतरी म्हणायचंच, "घाटावरची पोर ती, तिला आपली गाणी काय कळणार?" बोलणाऱ्याच्या मनात काही नसायचं, पण विनिताला ते फार लागायचं. एकदा तरी त्या गोलात बसून गायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

सासूबाईंना तिने सरळ विचारूनही पाहिलं होतं. "आई, मला हळदीची गाणी शिकवाल?"

चंद्रकांताबाई केळफूल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाणारी होती ती तुझी मोठी सासू, माझी थोरली जाऊ. ती गेली, समोरची बाजूच रिकामी झाली. आता कसली गाणी? क्षितिजाच्या हळदीला स्पीकर लावा."

विषय संपला. म्हणून हा कॉम्प्युटरचा खटाटोप, तोही सासूबाई दुपारच्या मागच्या वाडीत असतील तेव्हा.

खटाटोप तरी केवढा! २००८ सालचं नेट ते, रांगत यायचं. दोन ओळी झाल्या की व्हिडिओ थांबलाच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसं वर लोडशेडिंग. शेवटी ती ओटा आवरेपर्यंत व्हिडिओ पूर्ण उतरू द्यायची आणि मग पहिल्यापासून लावून रेकॉर्ड करायची. चार दिवसांनी एकदाचं गाणं सलग हाती आलं. कावळा गेला, भंगारवाला गेला. मध्ये कुकरची एक शिट्टी तेवढी राहिली. पुन्हा काढूनही ती जाईना, तेव्हा मूळ व्हिडिओतच असणार म्हणून विनिताने नाद सोडला.

अनुजने गाणं मोबाइलमध्ये भरून दिलं. मग काय, कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना, विनिताच्या कानात हेडफोन. शब्द अर्धे कळायचे, अर्धे डोक्यावरून जायचे. वरण, डाळ, विहीण एवढं उमजलं. काहीतरी मंगलच असणार असं धरून तिने ऐकू येईल तसं वहीत उतरवलं. अर्थ कुणाला विचारावा तर गुपित फुटायचं.

"आजकाल सारखी काय ऐकतेस गो?" एकदा सासूबाईंनी विचारलं.

"भक्तिगीतं, आई."

"ऐक, ऐक. चांगलं असतं," म्हणत त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

विनिता मनात खूश झाली. तिने ताकाला तूर लागू दिली नव्हती.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. क्षितिजाला पाटावर बसवलं, पहिली हळद लागली आणि विनिताने अनुजला खूण करून स्पीकर बंद करायला लावला. चहाचा ट्रे खाली ठेवला. बायकांच्या गोलात जाऊन बसली. आणि सूर लावला.

पहिल्या कडव्याला बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्याला दोघीतिघींनी टाळी धरली. तिसऱ्याला टाळी थांबली.

"अगो पोरी!" शेजारच्या वसुंधरामावशी तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "ही तर नवऱ्या मुलाकडच्यांनी गायची गाणी! नवरीची आई कंजूस, तिच्या वरणात डाळ शोधायला दिवा लावावा लागतो, असं गातेयस तू!"

नवरीची आई म्हणजे सासूबाई, आणि त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गायला बसली काय आणि भर मांडवात सासूची लाज काढली काय! आता गोलात बसणं सोडाच, चहाचं कामसुद्धा कुणी देणार नाही, असं तिला वाटलं. डोळे भरून आले.

चंद्रकांताबाई निघाल्या. बायकांनी सरकून वाट दिली. विनिताच्या बरोब्बर समोर येऊन त्यांनी मांडी घातली, पदर खोचला आणि सुनेच्या नाकासमोर बोट नाचवत सूर लावला.

"डाळ शोधतेस कशाला गो विहीनबाय,
तुझ्या पोटात अजून जागा हाय?"

मांडव हसून हसून लोळला. क्षितिजा हळदीच्या हातांनी टाळ्या पिटायला लागली. व्हिडिओ शोधून देणारा अनुज स्पीकरमागे तोंड लपवून हसत होता. "बघतेस काय? तू आता नवऱ्याकडची, उत्तर दे!" मावशी विनिताला ढोसत होत्या. पण विनिता नुसती आ वासून सासूबाईंकडे बघत राहिली. इतके दिवस कानात हेडफोन घालून ती जो आवाज गिरवत होती, तो तिच्यासमोर मांडी घालून बसला होता.