बेचाळिसावी वही

प्रात्यक्षिक परीक्षेला सर्किटचं टेबल एकच होतं. एकामागून एक एकेचाळीस मुलं तिथे प्रयोग करून गेली आणि सरांनी त्यांच्या वह्यांवर धडाधड सह्या ठोकल्या. शेवटच्या मुलीची वही पाहून मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्होल्टेजच्या रकान्यात शून्य, करंटच्या रकान्यातही शून्य, वरपासून खालपर्यंत नुसती शून्यंच!

"बाप वायरमन आणि लेकीला साधा काटा हलवता येत नाही? सगळ्यांची रीडिंग सूत्राला तंतोतंत जुळली. तुझ्या वेळेलाच काय विजेने संप केला?"

"सर, जोडण्या तीनदा तपासल्या. काटा हललाच नाही. जे दिसलं तेच लिहिलं."

"वर तोंड करून बोलतेस? थांब, नापासच करतो तुला!"

वहीवर लाल फुली मारून सर तरातरा टेबलाशी गेले. सगळ्यांसमोर तिचं पितळ उघडं पाडायचं म्हणून त्यांनी बॅटरीचा डबा उचलला. तो हाताला फारच हलका लागला.



मुलं चोरतात म्हणून त्यांनी कालच काढून घेतलेले चारही सेल अजून त्यांच्याच कपाटात कुलूपबंद होते.