वहिनीची लाडीगोडी

“खा गं ढब्बू, एवढ्याशाने काय होतंय?” वहिनीने कॅरमेलचं चॉकलेट नणंदेच्या हातात कोंबलं.

ढब्बूने वेष्टन उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. “निम्मी साखरच आहे यात. नको.” तिने ते फळीवर ठेवलं आणि काळ्या वेष्टनातलं उचललं. नव्वद टक्के कोको.

दुकानाची मालकीण गल्ल्यामागून बघत होती. दर शनिवारी दोघी यायच्या. ढब्बू अंगाने भरलेली, पण आठवड्यागणिक उतरत चाललेली. भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद. गोडाची तलफ आली की या कडूचा एक तुकडा. ढब्बूनेच तिला सांगितलं होतं. वहिनी अगदी काडी. चार पावलं चालली की स्टूल मागायची. स्वतःसाठी काही घेत नसे, पण ढब्बूला भरवायची भारी हौस. कधी मनुकेवालं पुढे करायची, कधी दुधाचं.

मालकिणीला उलगडा होईना. नणंद बारीक होतेय म्हणून हिच्या पोटात दुखतंय की काय?

आज वहिनीने चव बघायला बशीत ठेवलेला तुकडा थेट ढब्बूच्या ओठांपाशी नेला. मालकिणीला राहवलं नाही.

“अहो, त्या एवढं पथ्य पाळताहेत. तुम्ही का मोडायला बघताय?”

वहिनीचा हात तिथंच थांबला. ढब्बू मात्र हसली.

“तिला नका रागावू. तिचं लिव्हर गेलंय. माझं जुळतंय, पण त्यावर चरबी आहे. ती उतरली की डॉक्टर त्यातला तुकडा काढून तिला लावणार. म्हणून ही मला जाडीच ठेवायला बघतेय.”

वहिनीच्या डोळ्यांतला पिवळेपणा मालकिणीला आत्ता दिसला.

“तुला नवरा आहे, पोरं आहेत,” वहिनी स्टुलावर टेकत म्हणाली. “धडधाकट पोटावर सुरी कशाला फिरवून घेतेस? तुझा भाऊ तर गेला. आता माझ्यामागे रडायला आहे कोण?”

“मी आहे,” ढब्बू म्हणाली. “आणि मला रडायचं नाहीये.”