बारावं पान

बाळांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही एका शाळेत उभे आहात. वर पत्रा, खाली तीनच बाक, आणि समोर शहरातून आलेले साहेब. ते पुस्तकाचं बारावं पान उघडून तुमच्यापुढे धरतात आणि म्हणतात, "हं, वाच."

खार तशीच उभी होती. हजेरीपटात तिचं वेगळं नाव होतं, पण भिंतीवरून तुरुतुरु पळायची म्हणून सगळे तिला खारच म्हणत. वय वर्षं नऊ.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी मुठीतला खडू घट्ट धरला.

बाई दूरच्या देशातल्या. त्यांच्या सरकारनं त्यांना स्वयंसेवक म्हणून इथे दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. भाषासुद्धा त्या इथेच, आधी शहरात राहून, शिकल्या. गावात आल्या तेव्हा पटावर एकतीस मुलं होती, आणि खारीचा आजोबा शाळेच्या पायरीवर ठाण मांडून गंमत बघत होता.

"तुमच्यासारखे पुष्कळ येऊन गेले, बाई," तो म्हणाला होता. "विहीरवाले आले. पाणी लागलं, चालते झाले. लस टोचणारी ताई आली. लस संपली, गेली. ही आमची खार त्या गाडीमागे पार वळणापर्यंत रडत धावली. दोन दिवस जेवली नाही."

"माझं काम एवढ्यात संपत नाही, आजोबा."

"मग कधी संपणार?" खारीनं मध्येच विचारलं.

"तुम्हाला सगळं वाचता आलं की!" बाई हसून म्हणाल्या आणि घंटा वाजवायला गेल्या.

पुढे खाणीवर खडी वेचायला लहान हात लागू लागले आणि बाक रिकामे होत गेले. शेवटी रोज न चुकता येणारी उरली एकटी खार.

तिकडे शहरात, साहेबांच्या कार्यालयाचा नियम रोखठोक होता. दोन वर्षांत निदान एका मुलाला तरी सरळ वाचता आलं पाहिजे. आलं, तर बाई आणखी दोन वर्षं राहणार. नाही आलं, तर शाळा बंद. बाईंनी हे मुलांना कळू दिलं नव्हतं. एवढ्याशा जिवांवर ओझं कशाला?

खारीची सुरुवात झोकात झाली होती. पण अक्षरं संपून शब्द आले आणि तिचं घोडं अडलं ते अडलंच. बाईंनी चित्रं काढली, गाणी रचली, एकदा रागावूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! एकदा तर फळ्यावर बाईंचाच एक शब्द चुकला आणि खार खुदकन हसली. आपल्या नाकाला खडू लागला असणार, असं वाटून बाईंनी नाक पुसलं.

"वाच ना, बाळ," साहेब म्हणाले. "घाई नाही."

"न... दी... नदी... च्या..."

"शाबास. पुढे?"

खारीचं बोट ओळीवर थांबलं. *काठी,* बाई मनातल्या मनात ओरडत होत्या. *नदीच्या काठी. कालच तर घेतलं आपण!*

"नाही येत," खार म्हणाली, आणि बाईंकडे वळून गोड हसली.

पोरीला बिचारीला काय कळणार, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरले.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी आणखी दोनदा संधी दिली. मग कागदावर एक फुली मारली. "मी तरी काय करू, बाई? एवढं सोपं पान."

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली. बाईंची पेटी मागे चढली. खार नेहमीसारखी पाटी घेऊन आली आणि जागच्या जागी थबकली.

"बाई, कुठे?"

"घरी, ग."

"पण बाई, मला अजून वाचता येत नाही!" तिनं बाईंचा हात धरला. "खरंच नाही येत! तुम्ही बघितलंत ना?"

"तुझी काही चूक नाही हं," बाई म्हणाल्या. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

ड्रायव्हरनं दाराला कुलूप घातलं, त्यावर एक कागद चिकटवला आणि जीप चालू केली. बघता बघता ती वळणाआड गेली.

गावातली चारदोन माणसं दारापाशी जमली. कागदावरचे ठसठशीत काळे शिक्के न्याहाळत उभी राहिली.

"काय लिहिलंय कोण जाणे," आजोबा म्हणाला. "जाता जाता बाईंना तरी विचारायचं होतं. आता आपल्यात वाचणार कोण?"

खार त्या माणसांमधून पुढे आली. तिनं पाटी खाली ठेवली, मान वर केली, आणि ओळीवर बोट न ठेवता, कुठेही न अडखळता वाचलं: "दोन वर्षांच्या प्रयत्नांनंतरही या गावातील एकाही मुलास वाचता येत नसल्यामुळे ही शाळा आजपासून कायमची बंद करण्यात येत आहे."