थांबा, फिरा जरा

पांढरी पँट पिशवीत घालून उत्तमरावांनी फ्रीझरमध्ये कोंबली आणि लुंगीवर, स्टूल ओढून फ्रिजसमोरच बसले. आधी गरम पाण्याचा उद्योग करून झाला होता. त्याने पँटच्या मागे बुडाला चिकटलेलं रुपयाएवढं गुलाबी च्युइंगम पुरीएवढं झालं. मग गॅलरीतून खाली वाकून इस्त्रीवाल्या यादगिरीला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "गरम नक्को चाचा. बरफ में रखो. कड़क हुआ तो निकल जाता."

सकाळी बरकतपुऱ्याहून मलकपेठेला जाताना बसच्या सीटवरच ते चिकटलं असणार. आज पौर्णिमा. विहारात वंदना घेणाऱ्या दत्तोबांचा घसा बसला म्हणून उत्तमरावांना पहिल्यांदाच पुढे बसायचा मान मिळाला होता. आठ दिवस ते आंघोळीतसुद्धा त्रिसरण-पंचशील घोकत होते. मागे पन्नास-साठ माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. उत्तमरावांनी जमिनीला कपाळ टेकून तीनदा प्रणाम केला. म्हणजे मागच्यांनाही तीनदा नीट दर्शन झालं.

नंतर खीर खाताना सगळे म्हणाले, आवाज खणखणीत लागला. मुलगा विकी आणि सून रोशनी मुद्दाम मियापूरहून आले होते, दुसऱ्याच ओळीत बसले होते. दोघं पाया पडले, फोटो काढून गेले. च्युइंगमबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. घरी येऊन उत्तमराव खुर्चीत टेकले आणि उठले, तर खुर्चीवरचा पेपर त्यांच्याबरोबर उठला. तेव्हा कळलं.

त्यांनी विकीला फोन लावला होता.

"दिसलं होतं पप्पा," विकी म्हणाला, "पण सबके सामने कैसा बोलना? तुम्हाला ऑकवर्ड झालं असतं. नंतर सांगू म्हटलं, मग राहूनच गेलं."

उत्तमराव बरं म्हणाले. जेवलात का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. पोराचं काही चुकलं नव्हतं. तरी त्यांना भरून आलं, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

पंचफुला असती तर ते च्युइंगम विहाराच्या दारातून आत गेलंच नसतं. ते चपलेत पाय घालायचे आणि ती म्हणायची, "थांबा, फिरा जरा." मग कॉलर सारखी करायची, पाठ दोनदा पंजाने झटकायची, "जा आता," म्हणायची. विहाराच्या दारात पुन्हा तेच. "मी काय नवरदेव आहे का?" असं चाळीस वर्षं कुरकुरत ते फिरले. ती गेल्याला आता दीड वर्ष झालं. या दीड वर्षात आणखी काय काय पाठीला लावून आपण गावभर हिंडलो असू, याचा ते स्टुलावर बसून हिशेब करू लागले आणि तो काही लागेना.

तासाभराने पँट पापडासारखी ताठ निघाली. आबिड्सच्या पोस्टातून निवृत्त होताना बरोबर आणलेली स्टीलची पट्टी त्यांनी कपाटातून काढली. पट्टीच्या कडेने खरवडलं, तशा गुलाबी कपच्या टकाटक उडाल्या. उरलेला चिकटा साबणाने गेला. पँट पंख्याखाली वाळत घातली. संध्याकाळी खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिली. डाग औषधालाही नव्हता.

मग त्यांनी ती पँट घातली, शर्ट आत खोचला, चपला घातल्या आणि दोन जिने उतरून यादगिरीच्या टेबलापाशी गेले. यादगिरी कपड्यांवर पाणी शिंपडत होता. उत्तमराव त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"देखो जरा, गया क्या?"

यादगिरीने तांब्या खाली ठेवला. टेबलाला वळसा घालून तो मागे आला, वाकला आणि काम असल्यासारखं नीट पाहिलं.

"कुच नै चाचा. एकदम साफ है."

उत्तमराव जागचे हलले नाहीत.

"और एक बार देखो ना," ते म्हणाले.