तिसरं रीडिंग

प्रॅक्टिकल परीक्षेच्या चाळीसपैकी एकोणचाळीस जर्नलांत उत्तर ०.९७ आलं होतं. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक पान न वाचताच सह्या ठोकत होते. चाळिसाव्या जर्नलात ०.६८ दिसलं आणि त्यांचं पेन थांबलं.

"बाकी सगळ्यांचं बरोबर येतं. तुझंच कसं घसरलं?"

समोरच्या मुलीने सांगितलं की तिने प्रयोग खरोखर केलाय. लॅबचा पंप कायम बंद. लॅबच्या काकांच्या हातापाया पडून तिने तो चालू करून घेतला. उत्तर कमी आलं, म्हणून दोघांनी व्हेंचुरीमीटर, म्हणजे पाण्याचा प्रवाह मोजायची, मधे निमुळती होणारी नळी, उघडून पाहिली. आत क्षारांचा थर बसून वीस मिलिमीटरच्या गळ्याचे सतरा झाले होते. सतरा धरून गणित केलं की ०.९६ येतं. तेही तिने खाली लिहिलं होतं.

शेजारी बसलेले कॉलेजचे सर कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं, कपाटातलं जुनं जर्नल घे, उतरव आणि मोकळी हो. पण हिला नसती उठाठेव करायची होती.

"नोकरीचं पत्र आलंय, सर," मुलगी म्हणाली. "एक विषय राहिला तरी ते रद्द होईल."

परीक्षक मनाने वाईट नव्हते. हिला पैकीच्या पैकी द्यावेत असं त्यांना खरंच वाटलं. केवळ खात्रीसाठी त्यांनी विचारलं, बाकीच्यांनी प्रयोग केला नाही हे कशावरून?

तिने वरचंच एक जर्नल उघडलं आणि तिसऱ्या रीडिंगवर बोट ठेवलं.

"इथे व्हॉल्व्ह दुसऱ्या वेळेपेक्षा जास्त उघडलाय. म्हणजे टाकी लवकर भरायला हवी. पण वेळ ३९.५ सेकंदांवरून ४१.६ झालाय. पाणी असं वागत नाही, सर. हे ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याने पंपाला हातही लावला नसणार. आणि त्याला विषयही कळला नव्हता."

परीक्षकांचे कान तापले. अठरा वर्षांपूर्वी याच कॉलेजच्या होस्टेलमध्ये, पलंगावर लोळत, उत्तरावरून उलटं गणित करून ही रीडिंग्ज त्यांनीच रचली होती. घाईत ३१.६ चं ४१.६ झालं. त्या जर्नलाला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले, म्हणून तर ते नमुना म्हणून कपाटात गेलं. तेव्हापासून मुलं तो चार इमानेइतबारे उतरवत होती, आणि दर वर्षी कोणीतरी शिकलेला माणूस त्याखाली सही करत होता. आज सकाळपासून ते स्वतःच करत होते.

कॉलेजचे सर हळूच म्हणाले, हिचं खरं धरायचं तर उरलेल्या एकोणचाळिसांना शून्य द्यावं लागेल, तेव्हा बघा बुवा. परीक्षकांना ते निमित्त पुरलं. पण त्यांना झोंबलं होतं ते तिचं शेवटचं वाक्य.

"परवानगीशिवाय उपकरण उघडलंस," ते म्हणाले. "आणि उत्तरही चुकलं."

पन्नासपैकी त्यांनी बारा मार्क लिहिले. पास व्हायला वीस लागत. मुलीने तो आकडा उलटा वाचला, जर्नल उचललं आणि बाहेर गेली. तिने भांडण केलं असतं तर त्यांना हलकं वाटलं असतं.

परीक्षा आटोपल्यावर सरांनी रिवाजाप्रमाणे विनंती केली, पुढच्या वर्गासाठी नमुना म्हणून एखादं जर्नल काढून द्या, जुनं आता फाटायला आलंय. परीक्षकांनी गठ्ठ्यातलं सर्वांत सुवाच्य अक्षराचं जर्नल निवडलं. तिसऱ्या रीडिंगचं पान काढलं, ४१.६ मधला चार खोडून तीन केला आणि ते लॅबच्या काकांच्या हातात दिलं.

"हे ठेवा," ते म्हणाले. "आता कोणाला सापडणार नाही."